नागपूरचा मे, याकुत्स्कचा जानेवारी

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या सीताबर्डीवर उभे राहून ये-जा करणारी माणसे पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. दुचाकीवरून जाणाऱ्या बहुतेकांचे डोके, कान, नाक आणि तोंड दुपट्ट्यात घट्ट गुंडाळलेले असते. उघडे राहतात ते फक्त डोळे. आता तेथून हजारो किलोमीटर दूर, रशियाच्या सैबेरिया विभागातील याकुत्स्क या शहरात जाऊ. महिना जानेवारीचा आणि वेळ तीच, भर दुपारची. येथेही माणसांचे डोके, कान, नाक आणि तोंड लोकरी मफलरीत आणि केसाळ कातड्याच्या टोपीत गुंडाळलेले. उघडे राहतात ते फक्त डोळे!

नागपुरात त्या वेळी हवेचे तपमान ४५ अंश सेल्सियस असते. याकुत्स्कमध्ये शून्याखाली ४५. मध्ये ९० अंशांची दरी, आणि तरी वेष जवळजवळ सारखा. असे का व्हावे?

आपल्या शरीराच्या आतल्या भागाचे तपमान ३७ अंशांच्या आसपास असते, त्वचेचे त्याहून दोन-तीन अंश कमी. उष्णता नेहमी अधिक तपमानाकडून कमी तपमानाकडे जाते. याकुत्स्कमध्ये ती शरीरातून बाहेर पळू पाहते, तर नागपुरात बाहेरच्या हवेतून शरीरात शिरू पाहते. कापडाच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक आहे. तिला दिशा कळत नाही. जाणारी उष्णता ती अडवते, तशी येणारीही अडवते. म्हणून दोन्ही शहरांतील माणसे तोंड गुंडाळतात. फरक एवढाच की नागपूरचा दुपट्टा पातळ आणि सुती असावा लागतो. त्यातून घाम वाळला पाहिजे. तो का, ते पुढे पाहू.

दोन्ही शहरांची थोडी ओळख करून घेऊ. नागपूर २१ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे, याकुत्स्क ६२ उत्तर अक्षांशावर. नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले. याकुत्स्कची सुरुवात १६३२ साली लेना नदीकाठच्या एका लाकडी गढीपासून झाली. २०११ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती २४ लाख भरली. याकुत्स्कची वस्ती साडेतीन लाखांच्या घरात आहे, आणि एवढ्या थंडीत वसलेले एवढे मोठे शहर जगात दुसरे नाही.

एका बाबतीत मात्र ही शहरे भावंडे शोभतात. दोन्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. पाणी हळू तापते आणि हळू निवते. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. मुंबईला समुद्र सांभाळून घेतो. या दोन शहरांना सांभाळणारे कोणी नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची. म्हणजे कमाल आणि किमान यांच्यात ४४ अंशांहून थोडे अधिक अंतर. याकुत्स्कची नीचांकी नोंद १८९१ सालची, उणे ६४.४ अंश. तेथील उच्चांक किती असेल? १०? १५? जुलै २०११ मध्ये तेथे ३८.४ अंश तपमान झाले होते! अंतर जवळजवळ १०३ अंशांचे. जुलैत याकुत्स्कची मुले अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून लेनाच्या वाळूत खेळतात आणि मच्छरांनी हैराण होतात. तेव्हा 'थंड शहर' हे वर्णन अर्धेच खरे आहे.

सूर्याचा हिशेब

हिवाळ्यात याकुत्स्क इतके का निवते? २१ डिसेंबरला भर दुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश वर येतो. दिवस सुमारे पाच तासांचा. इतक्या तिरक्या उन्हाची एक शलाका जमिनीवर लांबच लांब पसरते. डोक्यावरच्या सूर्याने एक चौरस मीटरवर जेवढी उष्णता ओतावी, तेवढीच येथे सुमारे १३ चौरस मीटरांत वाटली जाते. शिवाय हे किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरके येतात, त्यामुळे वाटेतच पुष्कळ गळती होते. उरलेले १९ तास रात्र. आकाश निरभ्र, जमीन बर्फाने पांढरी. आलेले ऊन बर्फ परतवून लावतो आणि जमिनीची उष्णता रात्रभर आकाशात निघून जाते. थंड हवा जड. ती लेनाच्या खोऱ्यात पाण्यासारखी साचून राहते. वारा जवळजवळ नसतो, हे एक नशीबच म्हणायचे. वारा असता, तर शरीराभोवतीची ऊबदार हवा क्षणोक्षणी उडवून लावली गेली असती.

नागपूरचा सूर्य २६ मेच्या सुमारास दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच तो 'शून्य सावली दिवस'. विदर्भात ज्याला नवतपा म्हणतात, ते नऊ दिवसही सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे २५ मेच्या आसपासच सुरू होतात. पंचांग आणि भूगोल येथे एकमेकांना बरोबर भेटतात. त्या वेळी पावसाचे ढग अजून आलेले नसतात, जमिनीतील ओल संपलेली असते. ओल असती, तर उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडला असता. ती नसल्याने सगळी उष्णता जमीन आणि हवा तापवते.

आठ अंश मोठे की ब्याऐंशी?

आता एक साधी वजाबाकी करू. नागपूरची हवा शरीरापेक्षा ८ अंशांनी अधिक. याकुत्स्कची हवा शरीरापेक्षा ८२ अंशांनी कमी. या हिशेबाने याकुत्स्कमध्ये जगणे नागपूरपेक्षा दहापट अवघड असायला हवे. पण शरीराचे गणित असे सरळ चालत नाही.

स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करीत असतो. थंडीत ही उष्णता आपल्या उपयोगी पडते. तिला अडवून धरले की काम भागले. एका सदऱ्याने भागले नाही तर दुसरा, त्यावर लोकरी बंडी, त्यावर कातड्याचा कोट, पायांत रेनडियरच्या कातड्याचे बूट. कपडे किती चढवावेत याला बंधन नाही. तरीही थंडी वाजली, तर शरीर कुडकुडते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी फुकट केलेले काम. त्यातून नेहमीच्या चार-पाचपट उष्णता निघू शकते. शिवाय भरपूर चरबीचे अन्न आहे, आग आहे, घर आहे.

उन्हाळ्यात हीच १०० वॉट उष्णता वैरी होते. कपडे उतरवून उतरवून किती उतरवणार? कातडीपाशी गाडी थांबते. शिवाय हवा शरीराहून गरम असेल, तर उघडे राहिल्याने फायदा नाही, तोटाच आहे. अशा वेळी शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही पाण्याची सुप्त उष्णता. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण ८५ किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो, आणि उन्हात घमेली वाहणारा मजूर त्याच्या कितीतरी पट. त्यात उन्हाची आणि गरम हवेची भर पडते. म्हणून अशा मजुराला तासाला लिटरभर घाम येणे मुळीच नवलाचे नाही. पण घाम वाळला पाहिजे. कपाळावरून निथळून खाली पडलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जागच्या जागी ठेवतो.

शरीराला सवलतही दोन्ही बाजूंना सारखी नाही. आतले तपमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदूचे काम बिघडू लागते. माणूस असंबद्ध बोलतो, भोवळ येते, शुद्ध हरपते. हाच उष्माघात. ४२ अंशांपुढे वाचणे फार कठीण. म्हणजे वरच्या बाजूला पाच अंशांचीही मोकळीक नाही. खालच्या बाजूला ३५ अंशांखाली धोका सुरू होतो खरा, पण त्याहून पुष्कळ खाली गेलेली माणसेही वाचली आहेत. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका स्वीडिश डॉक्टर महिलेच्या शरीराचे तपमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. ती बरी होऊन पुन्हा कामावर रुजू झाली.

उन्हाळा किती माणसे नेतो, हे मोजणे सोपे नसते, कारण उन्हाने मेलेल्याच्या दाखल्यावर पुष्कळदा हृदयविकार किंवा आणखी काही लिहिलेले असते. म्हणून संशोधक वेगळी युक्ती करतात. नेहमीच्या वर्षी त्याच महिन्यात किती मृत्यू होतात, ते पाहून फरक काढतात. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत असे १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. आदल्या दिवशी इशारे, पाणपोया, दवाखान्यांत बर्फाची तयारी असे तिचे साधे स्वरूप होते. पुढे आपल्या देशातील अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवण्याची चाल आहे. खिशातला कांदा शरीरातील एक कॅलरीही बाहेर काढू शकत नाही, हे आतापर्यंतच्या हिशेबावरून तुमच्या ध्यानात आले असेलच. कांदा खाल्लेला बरा! मीठ घातलेले कैरीचे पन्हे किंवा ताक यांची गोष्ट मात्र निराळी. घामातून गेलेले पाणी आणि मीठ ही दोन्ही त्यांतून परत मिळतात. आजीच्या या सल्ल्यात शास्त्र आहे.

कूलरची करामत

नागपुरात एप्रिल उजाडला की घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या तुसाच्या किंवा वाळ्याच्या जाळ्या, त्यांवर पाणी सोडणारा छोटा पंप आणि समोर पंखा. बाहेरची ४५ अंशांची हवा ओल्या जाळीतून आत येते आणि चक्क २८ ते ३० अंशांची होते. हे कसे घडते? अगदी घामासारखेच. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते.

पण हवा किती निवणार, हे तिच्यात आधीच किती बाष्प आहे यावर ठरते. तपमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून पंख्यासमोर धरले, तर ती जे तपमान दाखवते, त्याला ओल्या फुग्याचे तपमान म्हणतात. कूलर किंवा घाम हवेला याच्या खाली नेऊ शकत नाहीत. मे महिन्यात नागपुरात हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असली, तर ओल्या फुग्याचे तपमान सुमारे २४ अंश येते. म्हणजे २१ अंश उतरण्यास वाव आहे. तोच कूलर उचलून मुंबईत न्या. तेथे हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर ओला फुगा २९ अंशांवर थांबतो. वाव फक्त पाच अंशांचा. नागपूरकर पाहुणा मुंबईत येऊन "येथे कूलर का लावत नाहीत?" असे विचारतो, त्याला हे उत्तर द्यावे. नागपुरातही जुलै लागला की हाच कूलर निरुपयोगी होतो आणि खोलीत नुसता दमटपणा वाढवतो.

यातून एक गंभीर गोष्ट निघते. ओल्या फुग्याचे तपमानच त्वचेच्या तपमानाजवळ पोहोचले, तर घाम वाळणार नाही, आणि सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही तापत जाईल. ही मर्यादा ३५ अंश मानली जात असे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील प्रयोगांत २०२२ साली असे दिसले, की निरोगी तरुणांच्या बाबतीतही दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येते. म्हणून नागपूरच्या ४५ अंशांची बातमी मोठ्या अक्षरांत छापली जात असली, तरी किनाऱ्यावरच्या ३६ अंशांना कमी लेखू नये.

जमिनीशी वैर नको

याकुत्स्कच्या घरांत हिवाळ्यातही २२-२३ अंश तपमान असते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून आणि बॉयलरांतून गरम पाणी नळांवाटे घरोघर खेळवले जाते. खिडक्यांना दोन-तीन काचा, दारामागे दार आणि त्यामागे आणखी एक दार. हे नळ रस्त्याच्या कडेने, जमिनीच्या वर, उष्णतारोधक वेष्टणात गुंडाळून नेलेले दिसतात. ठिकठिकाणी ते चौकोनी कमानीसारखे वळवलेले असतात. वाहनांना जायला वाट हवी हे एक कारण. दुसरे कारण तुम्ही पुस्तकात वाचलेले आहे. धातू तापला की वाढतो आणि निवला की आखडतो. वळण असले म्हणजे नळ ते सहन करतो, सरळ असता तर फुटला असता. कडक थंडीत हे गरम पाणी थांबले, तर काही तासांतच घरातील नळ गोठू लागतात. तेथे वीजकेंद्राचा कामगार गावाचा प्राण राखतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण नळ जमिनीत का पुरत नाहीत? कारण तेथील जमीन बारमाही गोठलेली आहे. १८२८ साली फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने याकुत्स्कमध्ये विहीर खणायला घेतली. पाणी लागेना. त्याने चिकाटी सोडली नाही. नऊ वर्षांत विहीर सुमारे ११६ मीटर खोल गेली, आणि तरी तळाशी जमीन गोठलेलीच! पाणी मिळाले नाही, पण विज्ञानाला मोठे घबाड मिळाले. मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये या विहिरीत उतरून निरनिराळ्या खोलीवरची तपमाने मोजली, आणि कायम गोठलेल्या जमिनीचा शास्त्रशुद्ध अभ्यास तेथून सुरू झाला. ती विहीर अजून जपून ठेवलेली आहे. १९६० मध्ये याच शहरात गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

उन्हाळ्यात या जमिनीचा वरचा मीटर-दोन मीटरांचा थर वितळतो. घर नेहमीसारखे जमिनीवर बांधले, तर घराच्या उबेने खालचा बर्फ आणखी वितळेल, चिखल होईल आणि घर कलंडेल. म्हणून तेथील इमारती सिमेंट-काँक्रीटच्या खांबांवर उभ्या असतात. खांब कित्येक मीटर खोल, कायम गोठलेल्या थरात रोवलेले. जमीन आणि तळमजला यांच्यामध्ये माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा. तिच्यातून हिवाळ्याचा गारठा वाहतो आणि जमीन गोठलेली राखतो. घर उबदार ठेवायचे आणि त्याच वेळी घराखालची जमीन मात्र थंड ठेवायची, अशी ही दुहेरी कसरत आहे.

अशा शहरात काही गोष्टी फुकट मिळतात. बाजारात मासे उघड्यावर, लाकडाच्या मोळीसारखे उभे करून विकायला ठेवतात. शीतकपाटाची गरजच नाही. नदी गोठली की तिच्यावरून मालमोटारी धावतात. उलट, साधा पाऱ्याचा तपमापक तेथे कामाचा नाही, कारण पारा उणे ३८.८ अंशांनाच गोठतो. म्हणून अल्कोहोलचे तपमापक वापरतात.

कोरडे कोण?

नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, ओठ फुटतात. याकुत्स्कच्या हिवाळ्यातही ओठ फुटतात. आर्द्रतेचे आकडे पाहिले तर घोटाळा होतो. नागपुरात १५ टक्के, पण याकुत्स्कमध्ये ७० टक्क्यांच्या वर! मग कोरडेपणा कुठून आला?

टक्के कशाचे, हे विचारले की कोडे सुटते. ४५ अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ६५ ग्रॅम बाष्प सामावू शकते. त्याचे १५ टक्के म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम. उणे ४० अंशांची हवा काठोकाठ भरली, तरी तिच्यात ग्रॅमचा आठवा भागच मावतो. म्हणजे नागपूरच्या 'कोरड्या' हवेत याकुत्स्कच्या 'ओल्या' हवेच्या ऐंशीपट पाणी असते. ती थंड हवा घरात येऊन २२ अंशांची झाली की तिची सापेक्ष आर्द्रता एका टक्क्याच्याही खाली येते. मग ती भिंतींतून, कपड्यांतून, ओठांतून, मिळेल तेथून पाणी ओढते. उलट आपल्या श्वासात घनमीटरला ३५-४० ग्रॅम बाष्प असते. ते बाहेर पडताच मावत नाही आणि बारीक हिमकण होऊन हवेत तरंगते. माणसांचे श्वास, मोटारींचे धूर, धुराड्यांची वाफ असे सगळे मिळून हिवाळ्यात शहरावर हिमकणांचे धुके पसरते, आणि रस्त्यापलीकडचा माणूस दिसेनासा होतो.

शाळा दोन्हीकडे हवामानापुढे नमते. याकुत्स्कमध्ये उणे ४५ अंशांच्या आसपास लहान मुलांच्या शाळांना सुट्टी मिळते, मोठ्यांना त्याहून अधिक थंडीची वाट पाहावी लागते. विदर्भातील शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस सुरू होतात.

याकुत्स्कचे वार्षिक सरासरी तपमान गेल्या अर्धशतकात सुमारे दोन अंशांनी वाढले आहे. ते अजून शून्याच्या बरेच खाली आहे, म्हणून वाटेल की दोन अंशांनी काय होते. पण खांब पक्के राहतात ते भोवतालच्या गोठलेल्या मातीच्या पकडीमुळे, आणि माती शून्याच्या जवळ येऊ लागली की वितळण्याआधीच ही पकड ढिली होते. काही इमारतींना तडे गेले आहेत. नागपूरची अडचण निराळी आहे. सिमेंटचे स्लॅब आणि डांबरी रस्ते दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री सोडतात. शरीराला सावरायला रात्रीचा गारवा हवा असतो, तो मिळत नाही. गच्चीला पांढरा चुना फासला, तर उन्हाचा बराच भाग परत जातो. खर्च थोडा आणि फरक हाताला कळेल इतका. शाळेच्या गच्चीवर अर्ध्या भागाला चुना लावून दुपारी दोन्ही भागांवर हात ठेवून पाहावा. जपून, कारण न रंगवलेला भाग चटका देईल!

शेवटी एक प्रयोग. अल्कोहोलचे दोन सारखे तपमापक घ्या. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत, जमिनीपासून मीटरभर उंच टांगा. ऊन मुळीच लागू देऊ नका, नाहीतर हवेचे तपमान न कळता तापलेल्या काचेचे कळेल. मोठ्या यंत्रांचाही कधी घोटाळा होतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा झळकला आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले. तुमचे दोन तपमापक मे महिन्यात दुपारी तीन वाजता महिनाभर वाचा आणि वहीत दोन रकाने भरा. ओल्या फुग्यावर पुठ्ठ्याने वारा घालून आकडा स्थिर झाला की मगच वाचायचा. दोन्ही आकड्यांत मोठे अंतर असेल त्या दिवशी तुमच्या घरातला कूलर नीट चालेल. अंतर कमी असून ओला फुगा २८-२९ अंशांच्या वर गेला असेल, त्या दिवशी क्रिकेटचा सामना संध्याकाळी सहानंतर ठेवा, आणि शेतावर किंवा इमारतीच्या कामावर जाणारे घरात कोणी असेल, तर त्यांना तुमची वही दाखवा.